पहिल्या फेरीत हरणारी

बडनेरा जंक्शनवर उतरून अमरावतीच्या गाडीची वाट पाहणं वऱ्हाडातल्या माणसाला नवं नाही. मुंबई–नागपूरचा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून निघून जातो, अमरावती बाजूला राहते. त्यामुळे मधला थोडा वेळ पदरात पडतोच. आज तो वेळ मोबाइलला देऊ नका. बाकावर पाठ टेकून बसा. पाय जमिनीला नीट टेकू द्या. गाड्यांच्या घोषणा होत राहतील, चहावाला ओरडत जाईल. त्यांना अडवू नका, त्यांच्यामागे जाऊही नका. श्वास आपल्या चालीनं चालू द्या.

आता मनात एक मुलगी आणा. पाठीवर रॅकेटची लांब पिशवी, बुटांना कोर्टाची माती. एका गावची स्पर्धा आटोपून ती दुसऱ्या गावी निघाली आहे. स्पर्धा अजून चालू आहे, फक्त तिच्यापुरती ती पहिल्याच फेरीत संपली. तिला इतक्यात नाव देऊ नका. तिची कीव करू नका आणि कौतुकही करू नका. नुसतं तिच्याकडे पाहा.

तिच्या धंद्याचं गणित फार साधं आहे. स्पर्धेत 32 जणी असतील, तर पहिल्या फेरीतच 16 जणी घरी जातात. शेवटी एक जिंकते, 31 हरतात. विम्बल्डनच्या एकेरीत 128 जणी उतरतात, 127 हरतात. पुढच्या सोमवारी दुसऱ्या गावी पुन्हा तेच. म्हणजे व्यावसायिक टेनिस खेळणारी बहुतेक प्रत्येक मुलगी जवळजवळ दर आठवड्याला हरते. हे सावकाश मनात उतरू द्या. पराभव तिच्या आयुष्यात अपघातानं येत नाही. तो आठवड्याच्या वारासारखा ठरलेला असतो. जिंकणं मात्र कधीतरी, पाहुण्यासारखं.

आता एक नाव घेऊ. आरांत्सा रुस. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची, जन्म 1990 चा. नाव ठेवलं स्पेनची टेनिसपटू आरांत्सा सांचेझ व्हिकारिओ हिच्यावरून. 2008 मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनची कनिष्ठ गटातली विजेती झाली. 2011 च्या फ्रेंच ओपनमध्ये तिनं किम क्लायस्टर्सला हरवलं, तेही हरायला एक गुण उरलेला असताना तिथून परत येऊन. वीस वर्षांची पोर आणि समोर जगातली दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू. इथून पुढे वाट चढतच जाणार, असं कोणालाही वाटलं असतं.

मग 2012 च्या ऑगस्टपासून ती हरू लागली. मुख्य दौऱ्यावरचे सलग 17 सामने ती हरली. महिला टेनिसमधला तो बरोबरीचा विक्रम ठरला, नकोसा विक्रम.

इथे थांबा. सतरा म्हणायला एक श्वासही लागत नाही. म्हणून एकेक पराभव वेगळा करून पाहा. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी जाळ्यापाशी जाऊन समोरचीशी हात मिळवायचा, पिशवी भरायची, कपडे बदलायचे. सहाव्या-सातव्याला लोक कुजबुजू लागले असतील. बाराव्यापर्यंत आकडा तिच्याआधी कोर्टवर पोहोचत असेल. सतराव्यानंतरच्या रात्री तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. बाहेरून आपल्याला एवढंच दिसतं, की त्यानंतरच्याही स्पर्धांच्या यादीत तिचं नाव होतं.

पुढची कित्येक वर्षं तिचा मुक्काम बहुतेक छोट्या स्पर्धांमध्येच राहिला. तिथे बक्षीस थोडं आणि प्रेक्षक त्याहून थोडे. आणि 2023 च्या जुलैमध्ये हॅम्बर्गला, 32 व्या वर्षी, मुख्य दौऱ्यावरचं एकेरीचं पहिलं विजेतेपद तिनं मिळवलं. अंतिम सामना 6-0, 7-6. पुढच्या जानेवारीत क्रमवारीत 41 वी, कारकिर्दीतला सर्वांत वरचा क्रमांक. पराभवांची ती रांग आणि हे विजेतेपद यांच्यामध्ये दहा वर्षं गेली. वाचणाऱ्याचा डोळा हॅम्बर्गवर जाऊन थांबतो. मनन करायचं ते त्या दहा वर्षांवर.

वऱ्हाडात बसून दुबार पेरणी आठवल्याशिवाय राहत नाही. पाऊस दगा देतो, उगवलेलं करपतं आणि कास्तकार पुन्हा बियाणं आणून तेच रान पेरतो. ही तुलना मी भीत भीतच करतो, कारण कास्तकाराचं बुडतं ते घर असतं. पण दुसऱ्यांदा बियाणं हातात घेतानाची जी अवस्था आहे, तिला आशा म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. आशा पहिल्या पेरणीला असते. दुसऱ्या वेळी माणूस पेरतो, कारण पेरणं हे त्याचं काम आहे.

आता श्वासाकडे परत या. टेनिसच्या नियमानं दोन गुणांच्या मध्ये 25 सेकंद मिळतात. फलाटावरच्या घड्याळाकडे पाहून तेवढा वेळ बसून बघा. खेळाडू या वेळात पाठ फिरवते, मागच्या जाळीकडे चालत जाते, टॉवेलनं चेहरा पुसते, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करते. आधीचा गुण सोडायला आणि पुढच्यासाठी तयार व्हायला एवढाच वेळ. तुमच्याही मनात आज सकाळचा एखादा गेलेला गुण असेल. कोणाचा तरी शब्द, हातून सुटलेलं काम. त्याच्याकडे एकदा पाहा. तारा सरळ करा. पंचवीस सेकंद झाले.

या श्वासासोबत आपल्याकडची एक मुलगी मनात येऊ द्या. ऋतुजा भोसले, श्रीरामपूरची, जन्म 1996 चा. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून ती खेळली आणि नंतर व्यावसायिक टेनिसच्या त्याच छोट्या स्पर्धांच्या वाटेला लागली. तिथे क्रमवारीचे गुण वर्षभरच टिकतात. 52 आठवड्यांनी ते आपोआप गळतात. गेल्या वर्षी या आठवड्यात जे कमावलं, ते या आठवड्यात पुन्हा कमवावं लागतं. साठवून ठेवता येईल असं फार थोडं हाती राहतं.

30 सप्टेंबर 2023 ला चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. ऋतुजा 27 वर्षांची, जोडीदार रोहन बोपण्णा 43 चा, समोर चिनी तैपेईची जोडी. पहिला सेट 2-6 असा गेला. सेट संपल्यावर 120 सेकंद मिळतात. त्या दोन मिनिटांत खुर्चीवर बसलेली ती डोळ्यांसमोर आणा. सुवर्ण हातचं चाललं आहे, आणि हरणं ही तिच्या चांगल्या ओळखीची गोष्ट आहे. मला वाटतं, त्या ओळखीचाच तिला आधार झाला असेल. दुसरा सेट 6-3, मग निर्णायक टायब्रेक 10-4. सुवर्णपदक.

बार्शीची प्रार्थना ठोंबरेही आठवा. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत महिला दुहेरीचं कांस्य. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच जोडीची पहिल्या फेरीत हार. आणि फार मागे जायचं तर लीला राव. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची ही मुलगी 1934 मध्ये विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढच्याच फेरीत ती हरली. म्हणून पहिला विजय पुसला गेला नाही.

तुमची गाडी आता जिथे जाणार, त्या अमरावतीनं मेहनतीला फार पूर्वीपासून मान दिला आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे 1914 मध्ये सुरू झालं आणि 1936 मध्ये त्याचे खेळाडू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आले. त्या मातीत घाम गाळणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. कमी पडतो तो आपला वेळ, हरणाऱ्यांसाठी.

तेव्हा जिल्ह्यातल्या किंवा विद्यापीठातल्या मुलींच्या टेनिस स्पर्धेची बातमी पेपरात दिसली, तर अंतिम सामन्याची वाट पाहू नका. पहिल्या फेरीच्या सकाळी जा. त्या दिवशी सगळ्या जणी तिथे असतात आणि पाहायला जवळजवळ कोणी नसतं. हरून बाहेर येणाऱ्या मुलीला 'कशी हरलीस' असं विचारू नका. पुढचा सामना कधी आहे ते विचारा, आणि त्यालाही जा.