फोटोतला नऊ

दिवाळीला कन्नडला गेलो होतो, तेव्हा गल्लीतल्या एका काकूंनी एक फोटो हातात दिला. "तू कॉम्प्युटरवाला ना, जरा साफ करून दे." फोटोत त्यांचे सासरे, नौदलाच्या पांढऱ्या कपड्यांत. मागे राखाडी विनाशिका. घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी, की आजोबा 'राजपूत'वर होते. १९७१च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ 'गाझी' पाणबुडी बुडाली, त्या रात्री डेप्थ चार्ज टाकणारं 'राजपूत'. (ती नेमकी कशाने बुडाली यावर पाकिस्तानचं म्हणणं वेगळं आहे, तो वाद इथे नको.)

फोटो एआय ॲपमध्ये टाकला. दहा सेकंदांत चेहरा लख्ख आणि जहाजावरचा पुसट आकडा ठळक: डी १४१. 'राजपूत'चाच नंबर! पाठवणारच होतो, तेवढ्यात आठवलं की प्रॉम्प्टमध्ये 'राजपूत, डी १४१' असं मीच लिहिलं होतं.

मूळ फोटो मोठा करून पाहिला. इंग्रजी आकड्यांतला शेवटचा आकडा वर गोल वाटतो. एकाला असं डोकं नसतं, नवाला असतं. आणि डी २०९ म्हणजे 'रणजित'. 'राजपूत', 'राणा' आणि 'रणजित' ही तिन्ही जहाजं ब्रिटिश नौदलाकडून १९४९मध्ये आपल्याकडे आली. एकाच वर्गातली, लांबून सख्खी भावंडं. ओळखायची ती आकड्यावरूनच.

जुने फोटो तसेही सरळ नसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेन्सॉर जहाजांच्या फोटोंतून रडार खोडून टाकायचे. त्यामुळे डोलकाठी मोकळी दिसली म्हणून रडार नव्हतं असं म्हणता येत नाही. पण खोडल्याची खूण निदान कधीकधी राहते, नीट पाहणाऱ्याला ती सापडते. माझ्या १४१ला तर कसलीच खूण नव्हती. उलट, फोटोतली सगळ्यात स्पष्ट गोष्ट तीच होती.

बरं, नऊ असला तरी काय सिद्ध होतं? बंदरात जहाजं एकमेकांना लागून बांधतात. मागे दिसतं ते शेजारचं जहाजही असू शकतं. आजोबा खरंच 'राजपूत'वर असतील.

मग १४१ राहू दिला तर कुणाचं काय बिघडतं? मी दोन दिवस यावरच अडलो होतो. हा काही कोर्टातला पुरावा नाही, भिंतीवर लागणारा फोटो आहे. पण समजा ते 'रणजित'वर होते. तिथेही ते पहाटे उठले असतील, डेक घासला असेल, घरी पत्रं लिहिली असतील. 'गाझी'च्या नावाखाली त्यांची ती वर्षं मी पुसून टाकायची? तीही त्यांच्या नातवंडांसमोर?

शेवटी फक्त ओरखडे काढले, डाग घालवले. आकडा होता तसाच ठेवला. काकूंना विचारलं, "आजोबांचं सर्व्हिस बुक आहे का घरात?"

"कशाला रे?" मग फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "नंबर काही दिसेना बघ."

"हो, पुसट आहे," मी म्हणालो. मला नऊ दिसतो, हे काही बोललो नाही.