प्रमाद आणि वाहनचालकाचे युग

जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाआधी प्रमादाचा, म्हणजे असावधपणाचा, उल्लेख येतो, ‘प्रवचनसारा’त कुंदकुंदाचार्य त्याही पुढे जाऊन असे मांडतात की जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याकडून हिंसा घडलेलीच असते, आणि दक्षतेने वागणाऱ्याला मात्र केवळ मृत्यू घडला म्हणून कर्मबंध लागत नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उरवाई दरवाजाच्या बाजूने चढणारी वाहने ज्या कड्यांजवळून जातात, त्यांत १५व्या शतकात, तोमर राजांच्या काळी, कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत, त्यामुळे हा विचार तेथील रस्त्याला परका नाही.

१९७६ साली तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी ‘नैतिक दैवा’चा, म्हणजे योगायोगावर दोष ठरावा काय याचा, प्रश्न उपस्थित केला. नेगेल यांच्या उदाहरणातील ट्रकचालकाने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. मूल आडवे आले तर तो मृत्यूस कारण ठरतो, न आले तर त्याच हलगर्जीपणाबद्दल त्याला फारसे कोणी विचारत नाही. भारतीय न्याय संहिताही २८१व्या कलमान्वये बेदरकारपणे वाहन चालवण्यास सहा महिन्यांपर्यंत, तर १०६व्या कलमान्वये निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूस पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. कायद्याला परिणाम मोजावाच लागतो. पण चालकाने स्वतःला तपासताना कुंदकुंदांचेच माप लावले पाहिजे, कारण त्याच्या हातात फक्त दक्षता असते, परिणाम नसतो.

ही दक्षता कशी असावी, हे जैन आचारातील ईर्यासमिती सांगते. समिती म्हणजे सावध वर्तन आणि ईर्या म्हणजे गमन. साधूने दिवसा, रुळलेल्या वाटेने, पुढची एक युग, म्हणजे जुवाच्या लांबीइतकी, सुमारे चार हात जमीन न्याहाळत चालावे. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात, परंतु ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला १० मीटर, म्हणजे सुमारे बावीस हात, पुढे सरकते, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. त्यापुढे प्रत्यक्ष थांबण्याचे अंतर वेग दुप्पट झाल्यास चौपट होते. वेगाबरोबर युग लांबते, आणि ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकातील गर्दीत, जिथे टेम्पो, ई-रिक्षा आणि पादचारी एकाच वाटेवर येतात, तिथे नजर लांब पोचत नाही, म्हणून वेगच कमी करावा लागतो.

येथे एक खरी अडचण उभी राहते. सवयीने घडणारी कृती यांत्रिक असते, मग तिला अप्रमाद कसे म्हणावे? ग्वाल्हेर घराण्याची गायकी याचे उत्तर सुचवते: पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, घोटून घोटून गळ्यात बसलेले असतात म्हणूनच गायकाचे लक्ष रागाकडे मोकळे राहते. आरशात पाहणे, अंतर राखणे, वळण्याआधी दिवा दाखवणे या क्रिया अंगवळणी पडल्या की चालकाचे लक्ष अनपेक्षितासाठी शिल्लक उरते. योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाळ, सातत्य आणि आदर या तीन अटी सांगितल्या आहेत. रस्त्यावर बहुधा तिसरीच राहून जाते.

मात्र संस्कार, म्हणजे कृतीचा चित्तावर उरणारा ठसा, चांगल्या-वाईटात निवड करत नाही. लाल दिवा तोडून सुखरूप निघून गेलेल्या चालकाच्या चित्तावरही एक ठसा उमटतो, आणि पुढच्या चौकात त्याचा पाय ब्रेककडे किंचित उशिरा वळतो.