हात धुण्याची शिकवण

आमच्या मंडळीच्या आवारात आसपासच्या शाळांतील मुलांसाठी दोन दिवसांचे आरोग्य-शिबिर भरले होते. जेवणापूर्वी व शौचाहून आल्यावर साबणाने हात का धुवावेत, नखांखाली जंतांची अंडी कशी राहतात, हे परिचारिकाबाईंनी छान समजावून सांगितले. तेवढ्यात आमच्या शब्बाथशाळेतील एका मुलाने विचारले, "बाई, प्रभु येशूचे काही शिष्य हात न धुताच जेवत होते ना? मग प्रभु त्यांना का रागावला नाही?"

मुले हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायातील तो वाद आरोग्याचा नव्हे. रोगजंतू तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तेथे हात धुणे ही वाडवडिलांची रीत होती. आपल्या भाषेत, सोवळे. प्रभूने पाण्याचा निषेध केला नाही. रीतीच्या आड लपून माणसाविषयीचे कर्तव्य टाळण्याचा निषेध केला.

हे सांगताना मीच अडखळले. त्याच सकाळी मी मुलांना रांगेत उभे करून नखे तपासली होती आणि एका मुलीला सर्वांदेखत बाजूला काढले होते. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. घरी चौकशीला गेले तेव्हा कळले की, त्यांच्या वस्तीत आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येते, आणि ते भरण्याचे काम तिच्याकडे असते. मग मी स्वच्छता शिकवीत होते की सोवळे?

आधी पाणी, मग उपदेश, हे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ओळखले होते. १९७० साली त्यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. गावोगावी विंधनविहिरी खणताना त्या दलित वस्तीत घेण्याचा त्यांनी आग्रह धरला, म्हणजे इतरांनाही पाण्यासाठी तेथेच यावे लागे. आरोग्याचे शिक्षण देण्यासाठी त्यांनी गावातल्याच स्त्रिया तयार केल्या. त्यांतील कित्येक दलित व निरक्षर होत्या. ज्यांना गावाने दूर ठेवले, त्यांनीच गावाला निरोगी राहण्यास शिकविले.

तेव्हा मुलांना सवयी लावायच्या नाहीत काय? अवश्य लावायच्या. अस्वच्छ हातांनी आपल्याबरोबर शेजाऱ्याचे बाळही आजारी पडते. म्हणून हात धुणे ही शेजारप्रीतीच आहे. पण प्रीतीची शिकवण लाज आणून देता येत नाही. शिष्यांचे पाय मळलेले पाहून प्रभूने त्यांना रांगेत उभे केले नाही. त्याने स्वतः गंगाळात पाणी ओतले.

आता आमच्या शब्बाथशाळेच्या दाराशी पाण्याची बादली, तांब्या व साबण असतो. पहिल्याने शिक्षक हात धुतात, मग मुले. ती मुलगी अजून आलेली नाही. येत्या रविवारी तिला बोलवायला मी पुन्हा जाणार आहे. नखे पाहण्यास नव्हे, क्षमा मागण्यास.