दहा टक्क्यांच्या आतला प्रामाणिकपणा

पीएचडीच्या थिसिसला हल्ली एक कागद जोडावा लागतो. मजकुराचे इतर मजकुराशी किती टक्के साम्य आहे, ते सॉफ्टवेअरने काढून त्यावर छापलेले असते. आकडा दहाच्या आत असला की विद्यार्थी 'प्लॅजरिझम क्लिअर झाला' असे सांगतो, पासपोर्टची पोलीस चौकशी उरकल्याच्या सुरात. आकडा जास्त आला, तर तो कमी करून देणारे लोक आहेत, त्यांचे पानागणिक दर आहेत आणि त्यांच्या जाहिराती कुणी लपवत नाही. ज्या कागदाने चोरी रोखायची, त्याच्याच भोवती हा धंदा उभा राहिला याचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे.

उसनवारीचा विचार आपल्याकडे नवा नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने सुमारे अकराशे वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण असे दोन वेगळे विषय केले. शब्दहरणाचे त्याने मापही घेतले: एक पद उचलले, चरण उचलला, अर्धा श्लोक, पूर्ण श्लोक की अख्खी रचना. पण तो तिथे थांबला नाही. अर्थ सगळा दुसऱ्याचा आणि वाक्यरचना तेवढी निराळी, या प्रकाराला त्याने प्रतिबिंबकल्प म्हटले आणि तो टाळावा असे बजावले. आज टक्के कमी करून देणारा माणूस नेमके हेच करतो. राजशेखराच्या लेखी जो दोष होता, तो आपल्याकडे दोषमुक्तीचा उपाय झाला आहे.

युरोपात गणिती चार्ल्स बॅबेजने १८३० मध्ये इंग्लंडमधील विज्ञानाच्या ऱ्हासावर पुस्तक लिहिले. निरीक्षणांत होणाऱ्या लबाडीचे त्याने चार प्रकार सांगितले: थट्टेखातर बनाव, सरळ खोटी निरीक्षणे, टोकाचे आकडे कातरून सरासरीकडे ओढणे, आणि हवे तेवढे निवडून बाकीचे टाकून देणे. या यादीत वाङ्मयचौर्य नाही. पुढे शतक-दीड शतक फारसे नवे घडले नाही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात काही प्रकरणे गाजली, काँग्रेसपुढे सुनावण्या झाल्या आणि २००० साली तिथल्या केंद्र सरकारने संशोधनातील गैरवर्तनाची व्याख्या ठरवली: माहिती रचणे, माहितीत फेरफार करणे आणि दुसऱ्याचे काम आपले म्हणून खपवणे.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले, तेव्हा नावात 'शैक्षणिक सचोटी' हे शब्द घेतले. आत मात्र या तिन्हींतले शेवटचे एकच ठेवले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध. साठपर्यंत असेल तर वर्षभर बंदी. त्यापुढे नोंदणी रद्द. यावर नेहमीची टीका अशी की आयोगाने दहा टक्के चोरीला परवानगी दिली. ही टीका मला चुकीची वाटते. त्याच नियमांत अशी टीप आहे की गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष या गाभ्याच्या भागांत साम्य असताच कामा नये. सवलत आहे ती सर्वज्ञात गोष्टींना आणि योगायोगाने जुळलेल्या सलग चौदा शब्दांपर्यंतच्या मजकुराला. चोरीच्या व्याख्येत दुसऱ्याची कल्पना उचलणेही येते. कागदावर नियम इतका सैल नाही. मग विद्यापीठांनी त्यातून टक्केच का उचलले?

कारण आकडा चोराला धरण्यासाठी नव्हताच. निवाडा करण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांची त्यातून सुटका करण्यासाठी तो होता. मागची दोन प्रकरणे आठवा. १९८९ मध्ये जॉन टॅलंट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 'नेचर'मधून आरोप केला की चंदीगडचे प्राध्यापक व्ही. जे. गुप्ता परदेशातले जीवाश्म हिमालयात सापडले म्हणून वर्षानुवर्षे छापत आहेत. विद्यापीठाच्या चौकशीत ते दोषी ठरले, तरी नोकरी टिकली. २००२ मध्ये कुमाऊं विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावावरचा भौतिकशास्त्राचा निबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कालोश यांच्या निबंधावरून उतरवलेला निघाला. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी राष्ट्रपती कलामांना पत्र लिहिले, चौकशी समिती बसली, मग २००३ मध्ये कुलगुरूंनी राजीनामा दिला. सहकाऱ्यावर बोट ठेवायचे, त्याच्या वकिलाला तोंड द्यायचे आणि पुढची दहा वर्षे त्याच स्टाफरूममध्ये चहा प्यायचा, हे कुणाला हवे असते? आकडा आला आणि हा प्रश्नच मिटला. आता कुणालाच काही ठरवावे लागत नाही. कोर्टात दाखवायला कागद आहे.

पण गुप्तांच्या निबंधांवरचा मुख्य आरोप दगडांविषयी होता, वाक्यांविषयी नव्हता. जीवाश्म मोरोक्कोचा की हिमालयाचा, हे कुठले सॉफ्टवेअर सांगणार? इकडे एखादा इमानदार विद्यार्थी कायद्याची कलमे आणि अभंग जसेच्या तसे देतो आणि अवतरणे नीट वगळली गेली नाहीत म्हणून अडकतो. मराठीत तर आणखी सोय आहे. १९६० सालचे, इंटरनेटवर कधीच न चढलेले पुस्तक पानेच्या पाने उतरवा किंवा इंग्रजी प्रबंधाचा मराठी अनुवाद करा, साम्य शून्याजवळ येईल. सॉफ्टवेअर त्याच्या साठ्यात असलेल्या मजकुराशीच तुलना करते, त्यात त्याचा दोष नाही. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उचलून न्यायाधीशाच्या खुर्चीवर आपण बसवले.

म्हणून व्हायवाला बसणाऱ्या परीक्षकांना एक विनंती. तो कागद फाइलला लागू द्या, त्यावर वेळ घालवू नका. कच्ची वही मागा, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे मागा, न छापलेली निरीक्षणे मागा आणि निष्कर्ष कुठल्या नोंदीवरून काढला ते विचारा. उत्तर आले नाही, तर आकडा तीन असो की तेरा, सही करू नका.