शिवलेले सोवळे

मुंबई बेट जिथे संपत होते आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत होती, त्या वेशीवरच्या गावाला शीव हे नाव सीमा या शब्दावरून मिळाले. परंतु मराठी कानाला त्या नावाजवळच आणखी दोन शब्द ऐकू येतात, एक शिवणे म्हणजे सुईदोऱ्याने जोडणे आणि दुसरा शिवणे म्हणजे स्पर्श करणे, ज्यापासून शिवाशिव हा शब्द झाला. तिघांची कुळे वेगळी आहेत, कारण पहिल्याचे मूळ सीमा, दुसऱ्याचे संस्कृत सिव् धातू आणि तिसऱ्याचे प्राकृतातील छिव हे रूप; तरीही पूजेला शिवलेले सोवळे चालते का, या प्रश्नात हे तिन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत.

सोवळे म्हणजे धर्मकृत्यासाठी राखलेली शुद्ध अवस्था, आणि त्या अवस्थेत नेसायचे वस्त्रही सोवळेच. सुती सोवळे रोज धुऊन, काठीने उचलून, छताजवळच्या उंच दांडीवर वाळत घालायचे आणि मग त्याला कोणी शिवायचे नाही, असा घरोघरचा दंडक होता. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी यांना मात्र रोज धुण्याचे बंधन नसे. आता दादरच्या बाजारात निऱ्या बसवलेले, कासोटा शिवलेले आणि कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक असलेले सोवळे तयार मिळते, तशीच शिवलेली नऊवारीही मिळते. घेणारे ती सोयीसाठी घेतात, पण सत्यनारायणाला बसताना अनेकांच्या मनात शंका उरतेच.

शंकेला ग्रंथाधार आहे. धर्मनिबंधांत, म्हणजे स्मृतिवचने एकत्र करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, शिवलेले, जळालेले, दुसऱ्याने नेसलेले, उंदराने कुरतडलेले आणि जीर्ण झालेले वस्त्र कर्मासाठी वर्ज्य सांगणारे वचन येते. या यादीकडे नीट पाहिले तर शिवलेल्या वस्त्राची सोबत बोलकी वाटते, कारण बाकीची सारी वस्त्रे एक तर बिघडलेली आहेत किंवा परक्याची आहेत. तेव्हा इथे शिवलेले म्हणजे फाटल्यावर ठिगळ लावून सांधलेले, असा अर्थ घेणे अधिक सयुक्तिक ठरते. देवापुढे उरलेसुरले नेऊ नये हा त्या वचनाचा गाभा मानला, तर नव्या कोऱ्या कापडाला घातलेली टीप त्या निषेधात बसत नाही.

परंपरेने मात्र हा निषेध व्यापक अर्थाने घेतला, आणि त्यामागे शिंप्याच्या हाताचा स्पर्श हेही कारण असावे, असे मानण्यास जागा आहे. हे कारण परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या इतिहासापुढे क्षणभरही टिकत नाही. गिरणीच्या विणाई खात्यात धोट्यातली, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातली, कांडी संपली की विणकर नवी कांडी भरत असे आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेत असे. पुढच्या विणकराच्या ओठांना तोच धोटा लागणार म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या कामात, घेतले जात नव्हते, आणि 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अडसर दूर करण्याची मागणी लावून धरली. उष्ट्याच्या नावाखाली माणसांना दाराबाहेर ठेवून विणलेल्या त्या कापडाचा धागा ठायी ठायी कोणाच्या तरी ओठांतून आलेला होता, आणि गिरणीतले तेच धोतर नळाखाली धुऊन सोवळे होत होते. ओठांतून आलेले सूत ज्या पाण्याने शुद्ध होते, त्या पाण्याला शिंप्याची सुई अशुद्ध वाटावी, याला कोणताही तर्क साथ देत नाही. स्पर्शाच्या भयावर उभा राहिलेला नियम टिकवावा, असे त्यात काहीच नाही.

शिवण आणि पावित्र्य यांचे वैर सार्वत्रिकही नाही. हज यात्रेतील पुरुषांचे इहराम दोन न शिवलेल्या वस्त्रांचे असते हे खरे. पण शीवेपासून जवळच, दादरच्या पारशी कॉलनीत, सुद्रे हे पांढऱ्या सुताचे धर्मवस्त्र शिवूनच पवित्र होते, आणि त्याच्या गळ्याशी शिवलेली गिरेबान ही चिमुकली खिशी सत्कर्मे साठवण्याची जागा मानली जाते. फाळणीनंतर पंजाबी निर्वासित जिथे वसले त्या शीव कोळीवाड्यात अमृतधारी शिखांचा कछेरा, म्हणजे पाच ककारांपैकी नाडीचे शिवलेले अंतर्वस्त्र, व्रताचेच चिन्ह आहे.

तरीही शिवण्याने काहीच बदलत नाही असे म्हणणे घाईचे होईल, आणि इथे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील किल्टचा, म्हणजे चौकटींच्या लोकरी कापडाच्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या घोळदार पुरुषी वस्त्राचा, दाखला उपयोगी पडतो. मूळ वस्त्र न शिवलेले, लांबलचक होते. ते हाताने चुण्या घालून पट्ट्याने आवळायचे आणि उरलेले खांद्यावर घ्यायचे. 1746 च्या कायद्याने या वेषावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस चुण्या शिवून कायम होऊ लागल्या. आज पूर्ण किल्टला सुमारे आठ वार कापड लागते, नऊवारीपेक्षा वारभरच कमी. चुण्या कमरेपासून नितंबापर्यंत शिवतात, खाली मोकळ्या सोडतात. कासोटा नसल्याने आपल्या शास्त्रानुसार तो मुक्तकच्छ, म्हणजे कर्माला अयोग्य, ठरेल. पण चुणी शिवली गेली तेव्हा पेहरावातली रोजची कृती संपली, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

मराठीने हा फरक क्रियापदांत जपला आहे: धोतर, लुगडे, सोवळे नेसतात, तर सदरा आणि चोळी घालतात. नेसणाऱ्याला दर वेळी काठ सरळ धरून, बोटांच्या मापाने निरी निरी जमवून, सैल वाटल्यास पुन्हा सोडून, वस्त्र नव्याने घडवावे लागते, आणि संकल्प सोडण्याआधी मन गोळा होण्याची सुरुवात त्या चार-पाच मिनिटांतच होते. शिवलेले सोवळे घातले जाते. त्याने शुद्धी जात नाही, जाते ती ही पूर्वतयारी. ज्याची बोटे संधिवाताने वळत नाहीत त्याने पूर्ण शिवलेले खुशाल घालावे, कारण पूजेपासून दूर राहण्यापेक्षा ते कितीतरी उचित आहे. इतरांसाठी घरी शिवताना कापडाची आणि टाक्यांची निवडच विचारपूर्वक करता येते: सुळसुळीत कृत्रिम कापडाऐवजी घडी धरणारे सूत किंवा अंगासरशी बसणारे रेशीम घ्यावे, कातर न लावता कासोटा कच्च्या टाक्यांनी धरावा, म्हणजे टाके उसवले की वस्त्र पुन्हा अखंड होईल, कमरेला नेफा करून नाडी ओवावी, आणि पुढच्या निऱ्या न शिवता मोकळ्या ठेवाव्यात, त्या रोज सकाळी हातांनी घालून खोचण्यासाठी.