वेगाची जागा

मनुष्याला वेगाचें आकर्षण कां वाटतें, हें ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं; तें वाटतें, एवढें निर्विवाद आहे. मावळाला हें आकर्षण नवें नाहीं. तळेगांवाजवळचें नाणोली हें नांव शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीमुळें ऐकिवांत होतें. त्याच परिसरांत अलीकडे मोटारींसाठीं बंदिस्त धांवमार्ग झाला आहे. लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या विमानांच्या धांवपट्टीवर मोटारींच्या सरळ शर्यती झालेल्या आहेत. आपली रोजच्या वापरांतली वेगवान मोटार अशा मार्गावर न्यावी, दिवसभर तिचा व आपला कस पाहावा, अशी हौस असणारे तरुण आतां सुशिक्षित मध्यम वर्गांतहि आढळतात. घरांतील वडील मंडळींना हा छंद जिवावरची उधळपट्टी वाटतो. तरुणांना तो आपला हक्क वाटतो. या दोन्ही मतांत तथ्य किती, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, बंदिस्त मार्ग ही कल्पनाच अनुभवाच्या ठेंचांतून जन्मलेली आहे. मोटारींच्या बाल्यावस्थेंत शर्यती गांवोगांवच्या रस्त्यांवरून होत. 1903 सालीं पॅरिसहून माद्रिदकडे निघालेल्या शर्यतींत इतके अपघात झाले कीं, ती बोर्दो येथेंच थांबवावी लागली. मृतांत स्पर्धक होते, तसे रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोकहि होते. पुढें 1907 सालीं इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें खास मोटारींकरितां बांधलेला मार्ग सुरू झाला. त्या काळीं तेथील रस्त्यांवर तासाला 20 मैलांची मर्यादा होती. म्हणजे समाजानें वेगाला ‘नाहीं’ म्हटलें नाहीं. ‘येथें नाहीं, तेथें’ असें म्हटलें. आमच्या मतें हा निवाडा केवळ सोयीचा नसून नीतीचा आहे.

त्यांतील नीति अशी. स्वतःचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार मनुष्यास कांहीं मर्यादेपर्यंत आहे, हें गिर्यारोहकाच्या बाबतींत आपण मान्य करितों. परंतु दुसऱ्याचा जीव त्याला न विचारतां पणाला लावण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. बंदिस्त मार्गावर उतरणारा प्रत्येक जण धोका ओळखून, सही करून उतरतो; सर्व मोटारी एकाच दिशेनें धांवतात; वळणावळणावर निशाणें घेतलेलीं माणसें असतात आणि रुग्णवाहिका सज्ज असते. जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर कामशेतच्या बाजारांतून डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईनें अशी सही केलेली नसते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें शासनाच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक जागीं वेगाची शर्यत लावणें हा गुन्हा ठरविला आहे. त्या कलमाचा आत्मा आमच्या समजुतीनें या बाईची न घेतलेली संमति हाच होय.

आतां मोटार तयार करण्याकडे वळूं. नवशिक्यास वाटतें कीं, तयारी म्हणजे इंजिनाची शक्ति वाढविणें. जाणता मनुष्य सुरुवात ब्रेकपासून करितो. वेग दुप्पट झाला कीं गाडींतील गतिजन्य ऊर्जा चौपट होते, आणि थांबतांना तिची बहुतेक उष्णता होते. 1200 किलो वजनाची मोटार ताशीं 150 किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबविली तर जी उष्णता निघते, तिनें सुमारें तीन किलो पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत येईल. आणि मार्गावर असा जोराचा ब्रेक वळणामागून वळणाला लावावा लागतो. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. तें जुनें झालें असेल तर तापून त्यांत वाफेचे बुडबुडे होतात व पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून तेल ताजें भरावें, ब्रेकचे पॅड व टायर तपासावे, चाकांचे नट योग्य जोरानें आंवळावे, आंतील सुटी वस्तु अन् वस्तु बाहेर काढावी, शिरस्त्राण व पट्टे नीट पाहावे. हा क्रम शिकण्यास लांब जाण्याचेंहि कारण नाहीं. 1863 सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर 37 फुटांत एक फूट असा उतार आहे, आणि तो उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आधीं पारखून घेण्याचा तेथें शिरस्ता आहे. जो थांबूं शकतो त्यानेंच धांवावें, हें घाटाचें पहिलें सूत्र होय.

परंतु खरी अडचण याच्या पुढची आहे. बंदिस्त मार्गासाठीं बनविलेले कित्येक कडक पॅड तापल्यावांचून नीट पकडत नाहींत. सकाळीं थंड गाडी घेऊन गल्लींतून निघालेल्या गृहस्थास ते दगा देऊं शकतात. कोरड्या मार्गावर घट्ट चिकटणारे उथळ नक्षीचे टायर लोणावळ्याच्या आषाढसरींत रस्त्यावर सांचलेल्या पाण्यावरून घसरतात. म्हणजे जो गुण तेथें रक्षण करितो, तोच येथें घात करितो. गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास कायद्याच्या 52 व्या कलमाचा प्रतिबंध आहे, तोहि याच कारणानें समर्थनीय वाटतो. गाडीचे पॅड व टायर संध्याकाळीं बदलतां येतात. मनुष्याचे काय? दिवसभर वळणांवर धीट झालेलें मन घरीं परततांना कोण बदलून देणार?

वडील मंडळींचा आक्षेप येथेंच बळकट आहे. चटक भोगानें शमत नाहीं, वाढते, असें ते म्हणतात. आणि हें खोटें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. आणखी एक गोष्ट तरुणांनीं विसरूं नये. मार्गावर सही त्यांनीं केली, तरी त्यांच्या जाण्यायेण्याकडे डोळे लावून बसलेल्या आईनें वा पत्नीनें ती केलेली नसते. घरच्यांपासून लपवून केलेलें साहस आमच्या दृष्टीनें अर्धें अप्रामाणिक आहे. उलट, वडिलांनींहि हें ओळखावें कीं, सरसकट मनाई केल्यानें वेगाची भूक नाहींशी होत नाहीं. ती मध्यरात्रीं द्रुतगति मार्गावर बाहेर पडते, आणि तेथें तिची किंमत दुसरे कोणी देतात.

यासाठीं आमचा अभिप्राय असा कीं, परवानगी द्यावी, पण ती मोटारीस पाहून नव्हे, चालविणाऱ्यास पाहून. बंदिस्त मार्ग दोन गोष्टी शिकवूं शकतो: आपण किती करूं शकतों ही एक, आणि आपण कोठें चुकतों ही दुसरी. पहिलीच घेऊन येणारा घमेंड घेऊन येतो. दुसरी घेऊन येणारा सावध होऊन येतो. यांपैकीं कोणती घेतली, याची परीक्षा मार्गावरच्या घड्याळांत होत नाहीं. 2002 सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मोटारींस मैदानी भागांत ताशीं 100 किलोमीटरची मर्यादा आहे. मागून कोणी दिवे चमकवीत असतां, अंगांत कौशल्य व हाताखालीं शक्ति असतां, जो ती मर्यादा संकोचावांचून पाळतो, त्याची तयारी पुरी झाली असें समजावें. ज्याला तें जमत नाहीं, त्याची मोटार कितीहि सज्ज असो, तो स्वतः अद्याप तयार झालेला नाहीं.