पडद्यावरील दर्शन

मूर्तीत मंत्रविधीने देवत्व आणण्याची जी क्रिया, म्हणजे प्राणप्रतिष्ठा, तिच्यावाचून पडद्यावरची देवाची प्रतिमा दर्शनाला पात्र ठरते का, हा प्रश्न भारतीय चित्रपटाच्या आरंभीच गिरगावातील चित्रपटगृहांनी उभा केला. तेथील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या मनात राम-कृष्ण पडद्यावर आणण्याची इच्छा जागली. पुढे ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्याच कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्याच्या जोडीला नृत्य, विनोदी प्रवेश आणि कसरतही होती. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढीत, असे सांगितले जाते.

शास्त्रदृष्ट्या अडचण उघड आहे: दर्शनात भक्त देवाला पाहतो तसा देवही भक्ताला पाहतो, आणि चित्रफितीतला राम कोणालाच पाहत नाही. मात्र आवाहन करून पुजलेली व विसर्जनात विरघळणारी पार्थिव, म्हणजे मातीची, मूर्ती ज्या परंपरेला मान्य आहे, तिने क्षणभंगुरतेचे कारण पुढे करून छायाप्रतिमा नाकारावी हे पटत नाही. कसरतपटूचा शेजार त्याहून अवघड. पण अद्वैतातले अधिष्ठान, म्हणजे ज्यावर भास होतो ते मूळ तत्त्व, भासाने विटाळत नाही, तसा एकच पडदा ख्रिस्त, हरिश्चंद्र आणि विदूषक यांना आधार देऊनही कोराच राहतो. अर्थात कोऱ्या पडद्यापुढे कोणी हात जोडत नाही, आणि अद्वैती उत्तर येथेच तोकडे पडते, कारण भक्ताचे डोळे रूपाकडे लागलेले असतात आणि खेळ संपल्यावर ते रूप कोठे गेले, हे सांगणारा विसर्जनासारखा कोणताही विधी चित्रपटगृहापाशी नाही.